कापलेल्या फुलाचे आयुष्य: अमेरिकेतील कट फ्लॉवर संशोधनाचा इतिहास

अमेरिकेतील कट फ्लॉवरच्या, म्हणजे लांब दांड्यासह कापून फुलदाणीत किंवा गुच्छात मांडायच्या फुलांच्या, व्यापाराने विसाव्या शतकात जी मोठी वळणे घेतली, त्यांतील बहुतेकांच्या मुळाशी एखाद्या विद्यापीठातील संशोधन सापडते. झेंडू किंवा शेवंतीसारखी सुटी फुले वजनावर विकली जातात आणि हारात ओवली जाऊन बहुधा त्याच दिवशी वाहिली जातात. कट फ्लॉवरचा ग्राहक मात्र फूल घरी किती दिवस टिकेल याचेच पैसे मोजत असतो. त्यामुळे झाडापासून तुटलेले फूल कोमेजते कसे आणि ते लांबवता येईल काय, हा वनस्पतिशास्त्राचा प्रश्न या व्यापारात पहिल्यापासून हिशेबाचाही प्रश्न होता.

या प्रश्नाचे पहिले ठोस उत्तर शिकागोत मिळाले. त्या काळी घरोघरी आणि रस्त्यांवर दिव्यांसाठी कोळशापासून काढलेला वायू नळांतून खेळवला जाई आणि तो गळू लागला की काचघरांतील कार्नेशनची उमललेली फुले पाकळ्या आत वळवून मिटत. उत्पादक याला फुलांचे 'झोपी जाणे' म्हणत. शिकागो विद्यापीठातील विल्यम क्रॉकर आणि ली नाइट यांनी १९०८ मध्ये दाखवून दिले, की हा परिणाम त्या मिश्रणातील इथिलीन या वायूचा आहे आणि हवेच्या वीस लाख भागांत त्याचा एक भाग असला तरी बारा तासांत उमललेले फूल मिटते. आंब्याच्या आढीत फळ पिकवणारा वायूही हाच. पुढे १९३४ मध्ये केंब्रिजच्या रिचर्ड गेन यांनी पिकणारी सफरचंदे स्वतःच हा वायू सोडतात हे सिद्ध केले, आणि फुलाचा अंत बाहेरून येणाऱ्या विषामुळेच होतो, ही समजूत त्यानंतर टिकणे शक्य नव्हते.

दरम्यान फुलशेतीच्या अभ्यासाला कृषी विद्यापीठांत स्थान मिळाले होते. १८६२ च्या मॉरिल कायद्याने संघराज्याने राज्यांना जमिनी दिल्या, त्यांच्या उत्पन्नातून ही विद्यापीठे उभी राहिली; १९१४ च्या स्मिथ-लिव्हर कायद्याने अध्यापन आणि संशोधन यांच्या जोडीला विस्तारकार्य, म्हणजे प्रयोगशाळेतील ज्ञान शेताच्या बांधापर्यंत नेण्याचे काम, रीतसर त्यांच्याकडे आले. कोलोरॅडो राज्यात या व्यवस्थेचे फळ ठळकपणे दिसले. तेथील प्रखर ऊन आणि थंड रात्री कार्नेशनला मानवत, डेन्व्हरच्या आसपास काचघरांची दाटी झाली होती, आणि कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीत डब्ल्यू. डी. हॉली यांनी या एका पिकाचा बारकाईने अभ्यास केला; त्यांनी राल्फ बेकर यांच्यासह १९६३ मध्ये लिहिलेला ग्रंथ केवळ कार्नेशनच्या उत्पादनावर आहे.

कोलोरॅडोच्या कार्नेशनला शह देणारा विचार याच विद्यापीठात आकाराला यावा, हे या इतिहासातील सर्वांत विलक्षण प्रकरण होय. १९६७ मध्ये डेव्हिड चीव्हर या पदव्युत्तर विद्यार्थ्याने आपल्या अभ्यासक्रमाचा भाग म्हणून एक निबंध लिहिला आणि त्यात कोलंबियातील बोगोटाचे पठार जागतिक बाजारपेठेसाठी फुले पिकवण्यास आदर्श असल्याचे मांडले. समुद्रसपाटीपासून सुमारे ८,७०० फूट उंची, विषुववृत्ताजवळ असल्यामुळे वर्षभर सुमारे बारा तासांचा दिवस, तापमानात फारसा चढउतार नाही, आणि मायामी विमानाने अवघ्या तीन तासांवर, असा तो हिशेब होता. चीव्हर आणि त्यांचे तीन भागीदार यांनी प्रत्येकी २५,००० डॉलर घालून फ्लोरअमेरिका ही कंपनी काढली, ऑक्टोबर १९६९ मध्ये पहिली लागवड केली आणि १९७० च्या मातृदिनाला माल बाजारात उतरवला. १९७१ मध्ये अमेरिका गुलाब, कार्नेशन आणि शेवंती मिळून १२० कोटी फुले पिकवत होती आणि १० कोटी आयात करत होती. २००३ मध्ये आयात २०० कोटींवर गेली आणि देशी उत्पादन २० कोटींवर आले. १९९१ मध्ये कोलंबियाच्या फुलांवरील आयात शुल्क उठल्याने या ओघाला बळ मिळाले, तरी त्याची दिशा त्याआधीच ठरलेली होती.

दूरच्या मालाला टिकाऊपणाच्या संशोधनानेही हात दिला. चांदीचे आयन इथिलीनचा परिणाम रोखतात हे १९७६ मध्ये कळले, पण सिल्व्हर नायट्रेट दांड्यातून वर नीट चढत नसे. १९७८ मध्ये नेदरलँड्समधील व्हेन आणि व्हान डी गाइन यांनी सिल्व्हर थायोसल्फेट हे सहज वर जाणारे संयुग वापरले आणि कार्नेशनचे आयुष्य लक्षणीय वाढले. चांदी हा जड धातू असल्याने पर्यावरणाची चिंता मात्र उरली. नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीतील एडवर्ड सिस्लर आणि सिल्व्हिया ब्लँकेनशिप यांनी शोधलेल्या १-मिथाइलसायक्लोप्रोपीन या वायूने, ज्याचे पेटंट १९९६ मध्ये मिळाले, तिच्यावर तोड काढली. हा वायू इथिलीन जिथे चिकटते ती जागाच अडवतो. नंतर तो सफरचंदांच्या साठवणुकीत अधिक गाजला.

विमानाने आलेल्या गुलाबाशी किमतीत झुंजणे देशी उत्पादकाला शक्य नव्हते. त्याला वाट सापडली ती खोक्यात भरून लांब पाठवता न येणाऱ्या फुलांत. झिनिया, डेलिया, सूर्यफूल, कोंबडा अशा, गुलाब-कार्नेशन-शेवंतीच्या त्रयीबाहेरच्या फुलांना तेथे 'स्पेशालिटी कट फ्लॉवर' म्हणतात. त्यांच्या उत्पादकांची संघटना १९८८ मध्ये स्थापन झाली आणि जॉर्जिया विद्यापीठातील ॲलन आर्मिटेज यांनी १९९३ मध्ये या फुलांवर ग्रंथ लिहिला. या शेतीतील कौशल्य बोटांत असते: झिनियाचा दांडा फुलाखाली वीतभर अंतरावर धरून हलकेच हलवतात, मान लवली तर फूल अजून कोवळे असते आणि कापल्यास पाण्यातही सावरत नाही, दांडा ताठ राहिला तरच कात्री लावतात.

या हातच्या ज्ञानाला मोजमापाची शिस्त लावण्याचे काम जॉन डोल यांच्या कारकिर्दीत विशेषत्वाने दिसते. ओक्लाहोमा स्टेट युनिव्हर्सिटीतून ते नॉर्थ कॅरोलिनात आले, हॅरोल्ड विल्किन्स यांच्यासह १९९९ मध्ये फुलशेतीचे पाठ्यपुस्तक सिद्ध केले आणि पुढे उद्यानविद्या विभागाचे प्रमुखपदही सांभाळले. संघटनेच्या चाचण्यांत बियाणे कंपन्यांचे नवे वाण देशभरातील शेतकरी आपापल्या हवामानात लावून पाहतात आणि विद्यापीठात त्याच वाणांचे दांडे वेगवेगळ्या द्रावणांत ठेवले जातात: काही नुसत्या पाण्यात, काही पाणी वर चढण्यास मदत करणाऱ्या द्रावणात, काही साखर, आम्ल आणि जंतुनाशक असलेल्या पोषक द्रावणात, काही एकामागून एक दोन्हींत. पाकळी कोमेजली किंवा मान वाकली की त्या दांड्याचे दिवस मोजून संपतात. काम कंटाळवाणे आहे आणि त्यातून गाजणारा शोध क्वचितच निघतो, परंतु कोणते फूल कशात ठेवावे हे लहान शेतकऱ्याला त्यातूनच कळू शकते.

या चाचण्यांतून आणि प्रयोगांतून जमलेले ज्ञान २०१७ मध्ये कापणीपश्चात हाताळणीवरील ग्रंथात आले. त्याच्या लेखकांत विद्यापीठांतील संशोधकांबरोबर संघटनेच्या तत्कालीन कार्यकारी संचालक ज्यूडी लॉशमन यांचेही नाव आहे. गुलाब आणि कार्नेशन आजही मुख्यतः मायामीच्या विमानतळावरूनच देशात येतात आणि तो बाजार परत मिळवण्याचा आग्रह या उत्पादकांनी धरलेला नाही. त्यांचा ग्राहक आठवडी बाजारात आणि गावातल्या फुलवाल्याकडे आहे, जिथे पहाटे कापलेला झिनिया दुपारच्या आत पोहोचतो.