एक गो तांदूळ, दहा घास

कचेरीच्या एका प्रशिक्षणाच्या निमित्ताने तोक्योस जाण्याचा योग आला, तेव्हा शेवटच्या संध्याकाळी यजमानांनी मला सुशीच्या फळीपाशी नेऊन बसविले. हिनोकी लाकडाचा एक सलग तक्ता, अलीकडे आठ आसने, पलीकडे उभा कारागीर. तो मुठीत भात घेई, त्यावर माशाचा काप ठेवून दोन बोटांनी दाबी आणि समोर मांडी. दरपत्रक कोठेही नव्हते. मी कोकणातला; मासळी मला नवी नाही, परंतु कच्ची मासळी! काड्यांशी माझी चाललेली झटापट पाहून कारागिराने खूण केली : हातानेच खा. भात कोमट होता, हे मला अद्याप आठवते. भोवती मात्र देवघरात असावे तसे मौन होते, आणि हा विधी शतकानुशतके असाच चालत आला असावा, अशी माझी खात्री झाली. परतल्यावर थोडे वाचन केले, तेव्हा ती टिकली नाही.

सुशी जुनी आहे खरी. इ. स. 718 मध्ये रचलेल्या योरो संहितेत करादाखल द्यावयाच्या जिनसांत तिचा उल्लेख सापडतो. परंतु ती सुशी म्हणजे मीठ लावून भातात महिनोन्‌महिने मुरविलेला मासा. भात आंबे, मासा टिके, आणि खातेवेळी भात बहुधा टाकून दिला जाई. बिवा सरोवराकाठी ‘फुनाझुशी’ या नावाने हा प्रकार आजही होतो. पुढे आंबण्याची वाट पाहण्याऐवजी भातातच शिर्का घालण्याची युक्ती निघाली आणि 1820 च्या दशकात एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, हाताने वळलेल्या सुशीचा जम बसला. तिचे श्रेय बहुधा र्‍योगोकूच्या हानाया योहेई यास देतात. दुसरे दावेदारही आहेतच. ही सुशी रस्त्यावरच्या गाड्यांवर विकली जाई. घास आजच्या दुपटीहून मोठे, खाणारे उभ्याउभ्या दोनचार तोंडात टाकून वाटेला लागणारे. आज ज्या चरबीदार ट्यूनाला सोन्याचा भाव, त्याकडे तेव्हा कोणी ढुंकून पाहत नसे.

1923 च्या भूकंपात तोक्यो उद्ध्वस्त झाले, कारागीर आपापल्या गावी परतले, आणि त्यांच्याबरोबर ही कला बाहेर पडली. परंतु तिचा खरा प्रसार केला तो एका सरकारी हुकुमाने. मी स्वतः आदेशांच्या प्रती काढून पोट भरणारा माणूस. तेव्हा या प्रकरणापाशी मी अंमळ रेंगाळलो, तर वाचकांनी क्षमा करावी.

युद्धानंतर जपानात अन्नाचा भीषण तुटवडा होता. 1947 साली सरकारने खानावळी बंद ठेवण्याचा आदेश काढला. तेव्हा तोक्योच्या सुशीवाल्यांनी अर्ज केला, की आम्ही अन्न विकतच नाही. गिऱ्हाइकाने आपला तांदूळ आणावा, आम्ही केवळ वळणावळ घेऊ. आपल्याकडील गिरणीवाला दळणावळ घेतो, त्यातलाच हा न्याय! सरकारने तो मानला. एक गो, म्हणजे सुमारे दीडशे ग्रॅम, तांदळाला दहा नग, असे प्रमाण ठरले. इतर प्रांतांनी हाच दाखला पुढे केला, आणि जिथे सुशीचे निराळे प्रकार रूढ होते तिथेही एदोची सुशी जाऊन बसली. पुढे आरोग्याच्या नियमांनी रस्त्यावरचे गाडे हटविले. जिच्यापाशी मी हात जोडल्यासारखा बसलो होतो, ती फळी म्हणजे घरात आलेला तो गाडाच.

मुंबईत 1943 साली रेशनिंग आले. माझी आजी सांगे, त्या दिवसांत पाहुणा आला तर आपल्या वाट्याचे तांदूळ फडक्यात बांधून आणी, आणि ते हातात घेताना यजमानिणीची मान खाली जाई. हे मी तोक्योच्या यजमानांना पत्रातून कळविले. त्यांचे उत्तर आले : त्यांची आजीही एकदा एक गो तांदूळ घेऊन सुशीच्या दुकानी गेली होती. दहांपैकी नऊ नग तिने बांधून घरी आणले.