ओटीवरचे चित्रगृह

शिरोड्याच्या मिठागरांवरून येणारा वारा लोखंडाची गय करीत नाही. अशा वाऱ्यात गेल्या वर्षी माझ्या पुतण्याने ओटीवर संगणक जुळवावयास घेतला, तेव्हा मी हसलो. एका कचेरीने मोडीत काढलेली आटोपशीर पेटी, थोडी वाढीव मेमरी, एक एसएसडी आणि टीव्हीला जोडावयाची एचडीएमआयची वायर, एवढे त्याचे भांडवल. निराळे ग्राफिक्स कार्ड त्याने घेतले नाही. चित्रपट उलगडून दाखविण्याची सोय प्रोसेसरातच असते, आणि पंखे जितके कमी तितका आवाज कमी, असा त्याचा हिशेब.

पण हसणाऱ्याने आपल्या प्रांताचा इतिहास आठवावा. कोल्हापुरात आनंदराव व बाबूराव पेंटर या बंधूंनी, फाळक्यांचा १९१३ सालचा 'राजा हरिश्चंद्र' पाहून, सिनेमाचा कॅमेरा स्वतःच घडविण्याचा ध्यास घेतला. काम अर्धवट असता १९१६ साली आनंदराव निवर्तले. बाबूरावांनी शिष्य विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने ते तडीस नेले, आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आली. विकतचे परवडत नाही म्हणून घरी करावयाचे, ही आपली फार जुनी खोड! पुढे त्याच कोल्हापुरात मास्टर विनायकांनी 'छाया' काढला, १९३६ साली. त्याची कथा लिहिणारे वि. स. खांडेकर तेव्हा आमच्या शिरोड्याच्या शाळेत मास्तर होते. १९२० पासून ते येथे होते.

त्याही आधी, कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर चित्रांची पोथी घेऊन कथा सांगत, दिव्यापुढे चामड्याच्या बाहुल्या नाचवीत. खेळच प्रेक्षकांच्या दारी येई. १९७२ साली मुंबईत दूरदर्शन सुरू झाले. मग व्हिडिओ कॅसेट आली. पुतण्याच्या पेटीत चालणारी 'कोडी' ही प्रणालीही मुळात २००२ साली एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्रासाठी हौशी मंडळींनी रचलेली. 'कोडी' हे नाव तिला २०१४ साली मिळाले. ती फुकट आहे, हे सांगताना पुतण्याचा चेहरा पाहण्यासारखा होता.

असो. खरी गोष्ट निराळीच होती. घरात १९९२ सालच्या जत्रेतल्या दशावताराची एक कॅसेट होती. तीत माझ्या थोरल्या भावाने संकासुराचे सोंग घेतले होते. भाऊ गेला तेव्हा हा पुतण्या तान्हा. कॅसेटीला पावसाळ्यांची बुरशी चढलेली. तशीच लावली तर ती बुरशी प्लेअरच्या हेडला लागून फीत आणि यंत्र दोन्ही बिघडावयाची. त्याने ती उघडली, चार दिवस इंचाइंचाने पुसली, जुना प्लेअर उसना आणला आणि चित्र संगणकात उतरविले. मधला काही भाग गेलाच.

सायंकाळी आम्ही सारे बसलो. संकासुराचा चेहरा काळ्या बुरख्यात. दिसते ती लाल जीभ. ओळखावे कसे? इतक्यात सोंगाने मालवणीत एक थट्टा केली. पदराची टोके हातात धरून बसलेली वहिनी म्हणाली,

"ह्यो ह्यांचोच आवाज."

पुतण्याने चित्र मागे नेले आणि ती थट्टा पुन्हा लावली.