वीरगळांवरचा आत्मा

महाराष्ट्रातल्या वीरगळांवर, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांवर, आत्मा निराकार नाही. खालच्या चौकटीत वीर धारातीर्थी पडतो, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतात आणि वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढे हात जोडून बसतो, तोही देहासकट. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर तर जहाजांची लढाईही अशीच कैलासापर्यंत चढते. उपनिषदांतल्या अरूप आत्म्याहून गावाची श्रद्धा वेगळी होती, असे मला ठामपणे वाटते. यावर कुणी म्हणेल, हा पाथरवटांचा ठरीव साचा. पण कर्नाटकातल्या जैन निषिधी शिळांवर, म्हणजे मृतांच्या स्मारकशिळांवर, सल्लेखना (आमरण उपवासाचे व्रत) घेतलेल्याच्या माथ्यावर, शिवलिंगाऐवजी तीर्थंकर दिसतो. साचा जवळपास एक असूनही शेवटचा मुक्काम श्रद्धेनुसार बदलतो. म्हणजे शिळा घडवून घेणाऱ्यांना मृताच्या गतीची खरीच काळजी होती. सतीशिळेवरचा बांगड्या भरलेला हात मात्र फार वेदनादायक प्रश्न विचारतो: ही गती त्या स्त्रीने स्वतः निवडली होती का?