चरा, रबिंग आणि केसाहून पातळ थर

केडगाव-चौफुल्याला उसाच्या ट्रॉलीमागे कधी गाडी अडकलीय? मग दारावरचा चरा तुमच्या ओळखीचा असणार. आज त्याच चऱ्याचा इतिहास.

सुरुवातीच्या मोटारींना घोडागाडीसारखंच व्हार्निश लावायचे. थरावर थर, वाळायला कित्येक आठवडे. १९२३ मध्ये अमेरिकेत ड्यूको लॅकर आलं आणि ते काम झपाट्यानं व्हायला लागलं. पण लॅकरला चमक यायची ती घासूनच. गॅरेजमध्ये 'रबिंग' म्हणतात ते हेच.

आपल्याकडे सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट आणि पद्मिनी आल्या. त्या काळच्या गाड्यांचा रंग वरपर्यंत एकच. रबिंग करताना फडक्याला गाडीचा रंग लागायचा, म्हणजे किती थर गेला ते मिस्त्रीला कळायचं.

१९८० च्या दशकात जगभर रंगावर पारदर्शक क्लिअर कोट यायला लागला. जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, केसाहून कमी! आता थर झिजतो, पण फडक्याला रंग लागत नाही. इशाराच मिळत नाही, आणि फसगत होते ती इथंच.

म्हणून आधी गाडी धुवा, सावलीत गार होऊ द्या. चऱ्यावरून नख फिरवा. अडकलं तर पॉलिशचा नाद सोडा, टचअप लागेल. नाही अडकलं तर मायक्रोफायबरवर बारीक पॉलिश घ्या, हात हलका ठेवा, कडा टाळा. आधी तळहाताएवढ्या जागेवर करून बघा.

चरा जाईल हो, पण गेलेला थर परत येत नाही. भेटू पुढच्या भागात!