आडव्या ओळी, उभे रकाने

कॅनडात दर पाच वर्षांनी शिरगणती होते. मातृभाषेच्या प्रश्नापुढे आपण ‘मराठी’ लिहितो, फॉर्म पाठवून देतो आणि विसरून जातो. तो शब्द पुढे कुठे जाऊन बसतो? माझी सगळी नोकरी कॉम्प्युटरवर माहिती साठवण्याच्या कामात गेली, त्यामुळे मला हा प्रश्न पडल्यावाचून राहिला नाही. शोधता शोधता एक कहाणी हाती लागली. कहाणी चक्क सरकारी कचेरीतली आहे!

मोजणीची हौस या देशाला जुनीच. १६६६ साली ज्याँ तालों या फ्रेंच कारभाऱ्याने न्यू फ्रान्सची वस्ती मोजली तेव्हा ३,२१५ माणसं भरली. एका वहीत मावणारा मामला. १९७६ साली मात्र कॅनडाची लोकसंख्या सुमारे २ कोटी ३० लाख होती, आणि वही जाऊन मोठाले संगणक आले होते.

तेव्हा माहिती ठेवायची सर्वसाधारण पद्धत आडव्या ओळीची. एका माणसाची एक ओळ: प्रांत, वय, लिंग, मातृभाषा वगैरे सगळं शेजारी शेजारी. बँकेला हे सोयीचं, कारण तिला एका वेळी एकाच खातेदाराची सगळी माहिती लागते. शिरगणतीवाल्यांना एकट्या माणसाशी कर्तव्य नसतं. ‘कुठल्या प्रांतात कुठली भाषा किती जणांची’ एवढंच हवं असतं. पण त्या दोन गोष्टींसाठी कोट्यवधी ओळी अथपासून इतिपर्यंत वाचायच्या, म्हणजे चिमूटभर हळदीसाठी अख्खं स्वयंपाकघर उपसायचं!

स्टॅटिस्टिक्स कॅनडाने १९७६ मध्ये ‘रॅपिड’ नावाची प्रणाली कामाला लावली आणि ओळी उभ्या केल्या. सगळ्यांची वयं एका रकान्यात, सगळ्यांच्या मातृभाषा दुसऱ्या रकान्यात. आपल्या मिसळणाच्या डब्यासारखं: हळदीची वाटी वेगळी, मोहरीची वेगळी. पथ्य एकच. प्रत्येक रकान्यात माणसांचा क्रम तोच राहिला पाहिजे, म्हणजे दहाव्या जागेवरचं वय आणि दहाव्या जागेवरची भाषा एकाच माणसाची. टर्नर, हॅमंड आणि कॉटन या तिघांनी १९७९ मध्ये रिओ दि जानेरोच्या परिषदेत त्यावर निबंध सादर केला. पुढे ही प्रणाली इतर देशांच्या सांख्यिकी कचेऱ्यांनाही दिली गेली, आणि ओटावात ती १९९० च्या दशकापर्यंत चालली.

कल्पना सर्वस्वी ओटावाची, असं मी म्हणणार नाही. ‘टॅक्सिर’ नावाच्या, जीवशास्त्रासाठी केलेल्या प्रणालीत १९६९ मध्येच ती होती. पण अख्ख्या देशाच्या शिरगणतीवर ती चालवून दाखवणं ही वेगळीच गोष्ट. २००५ मध्ये अमेरिकेत ‘सी-स्टोअर’चा गाजावाजा झाला आणि उभे रकाने हे नव्या युगाचं तंत्र ठरलं, तेव्हा या सरकारी बाबूंची आठवण फार थोड्यांना झाली असेल. असो.

खरी गंमत पुढेच आहे. सारखी माहिती एकत्र आली की ती दाबून बसवता येते. शिरगणतीत प्रांतांना आकडे आहेत: क्यूबेक २४, ओंटारिओ ३५, ब्रिटिश कोलंबिया ५९. यादी प्रांतवार लावली, तर १९७६ च्या ओंटारिओसाठी ‘३५’ हा आकडा ८२ लाखांहून जास्त वेळा लागोपाठ येईल. तो तितक्यांदा लिहायचा कशाला? ‘३५, इतक्या वेळा’ असं एकदा लिहिलं की झालं. तेव्हा प्रांत दहा आणि प्रदेश दोन. म्हणजे ४ कोटी ६० लाख अंकांचा रकाना बारा जोड्यांत आटोपतो! आडव्या ओळीत हे जमत नाही, कारण ‘३५’ च्या शेजारी वय येतं, त्याच्या शेजारी भाषा.

मात्र प्रांतवार लावलं की वयं विखुरतात, वयाप्रमाणे लावलं की प्रांत. मग आधी कशाला मान द्यायचा? यावर क्यूबेकच्या विद्यापीठातले डॅनियल लेमायर आणि न्यू ब्रन्स्विकचे ओवेन केझर यांनी बरंच काम केलं. नुसत्या क्रमवार लावण्याने सूचीचा आकार एक नवमांशावर येऊ शकतो, असं त्यांनी २०१० मध्ये दाखवलं. सर्वसाधारण नियम असा, की ज्या रकान्यात वेगवेगळ्या नोंदी कमी, त्याप्रमाणे आधी लावावं. सर्वोत्तम क्रम शोधणं मात्र भल्या भल्या संगणकांनाही जड जातं.

या दाबादाबीत हरवत काहीच नाही. बारा जोड्या उलगडल्या की प्रत्येक माणूस आपल्या जागी परत हजर. हरवतं ते नंतर, तक्ता छापताना लहान भाषांची मोट बांधून वर ‘इतर’ अशी चिठ्ठी लावतात तेव्हा. तो निर्णय माणसांचा.

आणि त्याहीआधी आपलाच. आमच्या ओळखीतले कित्येक आईबाप मुलांच्या नावापुढे ‘इंग्लिश’ लिहून मोकळे होतात. “अहो, तो उत्तरं इंग्लिशमध्येच देतो ना!” पण इथल्या शिरगणतीच्या लेखी मातृभाषा म्हणजे लहानपणी घरी प्रथम शिकलेली आणि अजूनही समजणारी भाषा. घरात आधी मराठीच शिकलेल्या आणि आजीचा फोन आजही समजणाऱ्या नातवाला ती अस्खलित बोलता येते का, हे तो प्रश्न विचारतच नाही.