यवतमाळ जिल्ह्यातील बालसंगोपन: अनुदान, अर्ज आणि गाऱ्हाणी

आईवडिलांचे छत्र हरपलेल्या मुलाने आजोळी किंवा काकांच्या घरी वाढणे ही वऱ्हाडातील जुनी रीत असली, तरी अशा मुलाला वाढवणाऱ्या माणसाचे शासनाशी काही नाते असते आणि त्याला शासनाकडे काही मागता येते, ही कल्पना मात्र फार अलीकडची आहे. 1905 पर्यंत ‘वणी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यात 1890 चा पालक व पाल्य अधिनियम लागू होता. परंतु त्यानुसार पालक नेमून घेण्यासाठी दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागत असल्याने तो प्रामुख्याने मिळकत असलेल्या अज्ञान वारसांच्या कामी आला आणि भूमिहीन मजुराचे पोर त्याच्या कक्षेत क्वचितच आले. मुंबई प्रांताने 1924 मध्ये बालकांसाठी स्वतंत्र कायदा केला. मध्य प्रांताने तसा कायदा 1928 मध्ये केला. या कायद्यांची मुख्य भिस्त मुलाला सांभाळणाऱ्या घरावर नव्हती, तर न्यायालय आणि संस्था यांच्यावर होती, आणि घराकडे पाहण्याची ही सवय पुढे दीर्घकाळ टिकली.

महाराष्ट्र शासनाने 1972 मध्ये संस्थाबाह्य संगोपनाची, म्हणजे निराधार मुलाला बालगृहात न ठेवता कुटुंबातच वाढवून त्या कुटुंबाला दरमहा मदत देण्याची योजना सुरू केली आणि 2005 मध्ये तिला ‘बालसंगोपन योजना’ हे आजच्या परिचयाचे रूप मिळाले. त्या वेळी मुलामागे दरमहा 500 रुपये मंजूर होत. त्यांपैकी 425 रुपये संगोपन करणाऱ्या कुटुंबाला आणि 75 रुपये घरभेटी व देखरेख करणाऱ्या स्वयंसेवी संस्थेला मिळत. अनाथ मुलांबरोबरच ज्यांचा एकच पालक हयात आहे, ज्यांचे पालक तुरुंगात आहेत किंवा दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळले आहेत, तसेच जी कुमारी मातांची अपत्ये आहेत, अशा मुलांनाही योजनेत स्थान होते. यवतमाळच्या दृष्टीने ही व्याप्ती मोलाची होती. झरी जामणी आणि केळापूर या तालुक्यांतील कोलाम वस्त्यांमध्ये कुमारी मातांचा प्रश्न कित्येक वर्षे धगधगत होता, तर कापसाच्या पट्ट्यात शेतकरी आत्महत्यांमुळे विधवांची आणि त्यांच्या मुलांची संख्या वाढत चालली होती.

1 जुलै 2006 रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भाच्या दौऱ्यात सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले आणि त्यांत यवतमाळ होते. आत्महत्याग्रस्त कुटुंबाला राज्याकडून एक लाख रुपये मिळत. त्यांपैकी 30,000 रुपये तातडीने हाती पडत आणि उरलेले 70,000 रुपये ठेव म्हणून गुंतवले जात. परंतु त्याआधी ते प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती ठरवत असे. सातबारा मृताच्या किंवा कुटुंबाच्या नावे आहे काय, कर्ज अधिकृत संस्थेचे आहे काय, वसुलीचा तगादा होता काय, या कसोट्यांवर अनेक घरे बाहेर पडली. अशा अपात्र ठरलेल्या घरातील मुलांना बालसंगोपन योजना हा एक आधार उरत असे, आणि म्हणूनच तिच्याविषयीच्या तक्रारींना या जिल्ह्यात विशेष धार होती.

तक्रारींचे स्वरूप समजण्यासाठी अर्जासोबतचे कागद पाहावे लागतात. पालकाच्या मृत्यूचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचा बोनाफाईड, शिधापत्रिका, आधार, बँकेचे पासबुक आणि राहत्या घरासमोर मूल व सांभाळणारी व्यक्ती उभी असलेले छायाचित्र, असा हा संच असतो. त्यावर गृहभेटीचा अहवाल तयार होतो आणि बालकल्याण समिती, म्हणजे अध्यक्ष व चार सदस्यांचे अर्धन्यायिक मंडळ, मुलाला समक्ष पाहून आदेश काढते. जिल्ह्यात सोळा तालुके पसरलेले असल्याने उमरखेडकडील आजीला नातवंडासह जिल्ह्याच्या ठिकाणी यायचे, तर दिवसाची मजुरी, दोघांचे भाडे आणि मुलाची शाळा या तिन्हींवर पाणी सोडावे लागते. एखाद्या कागदात त्रुटी निघाली, की हेलपाटा पुन्हा घडतो. शिवाय मंजुरीला मुदत असते आणि नूतनीकरणाची फेरी चुकत नाही. अनुदान दरमहाचे म्हणून मंजूर होते, परंतु निधी वेळेवर न आल्याने ते महिनोन् महिने थकल्याच्या आणि मग एकरकमी जमा झाल्याच्या तक्रारी राज्यभर झाल्या आहेत. वह्या, गणवेश आणि दवाखाना यांचा खर्च मात्र थकत नाही, म्हणून उशिराने आलेली रक्कम संगोपनाऐवजी उसनवारी फेडण्यात जाते.

या गाऱ्हाण्यांच्या मुळाशी एक कायदेशीर भेद आहे. 2015 च्या बाल न्याय अधिनियमात प्रतिपालकत्व, म्हणजे मुलाला जैविक कुटुंबाखेरीज अन्य, निवडलेल्या व तपासलेल्या कुटुंबात ठेवणे, आणि प्रायोजकत्व, म्हणजे मूल जिथे आहे तिथेच त्याला आर्थिक साहाय्य देणे, असे दोन निराळे मार्ग आहेत. विस्तारित कुटुंबात राहणारे अनाथ मूल आणि विधवा मातेचे मूल ही दोन्ही कलम 45 नुसार प्रायोजकत्वात मोडतात. परिणामी सोळा तास राबणारी आजी सेवा देणारी ठरत नाही, ती लाभार्थी ठरते. आणि लाभार्थ्याने केलेली मागणी हक्काची न वाटता विनंतीची वाटते. हा भेद केवळ भारतापुरता नाही. इंग्लंडमध्ये मँचेस्टर नगर परिषद नातलग प्रतिपालकांना इतरांहून बराच कमी भत्ता देत होती आणि 2001 मध्ये तेथील उच्च न्यायालयाने ते धोरण बेकायदेशीर ठरवले. महाराष्ट्रात असा निवाडा झाला नाही. येथे बदल घडला तो निवेदने, मोर्चे आणि महामारी यांच्या दबावाखाली.

करोनाने हजारो घरांतील कर्ता माणूस नेल्यावर एकल महिलांच्या संघटनांनी अनुदानवाढीची मागणी लावून धरली. 2021 मध्ये कुटुंबाचा हिस्सा 1,100 रुपये झाला आणि 2023 मध्ये योजनेला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव देऊन तो 2,250 रुपये करण्यात आला. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये याच प्रकारच्या मुलाला 4,000 रुपये मिळू शकतात, परंतु त्यासाठी ग्रामीण कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 72,000 रुपयांच्या आत असावे लागते. एकाच गल्लीतील दोन अनाथ मुलांच्या संगोपनाची किंमत अर्ज कोणत्या योजनेत गेला यावर ठरावी, हे कोणत्याही कसोटीवर न्याय्य म्हणता येत नाही.

दाद मागण्याची वाट कायद्यात आहे. बालकल्याण समितीच्या बहुतेक आदेशांवरील अपील बाल न्यायालयात जाते, परंतु कलम 101 ने प्रतिपालकत्व व प्रायोजकत्वाविषयीच्या निर्णयांना त्यातून वगळून ते अपील जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडेच, सोपवले आहे. समितीच्या कारभाराविषयीचे गाऱ्हाणेही कलम 27 नुसार त्यांच्याकडेच मांडता येते. यवतमाळमध्ये याचा अर्थ असा होतो, की ज्या कार्यालयाने वडिलांचा मृत्यू अपात्र ठरवला, त्याच कार्यालयात मुलाच्या संगोपनाचे अपील दाखल करावे लागते, आणि या अपिलाची माहिती मंजुरीच्या किंवा नामंजुरीच्या प्रत्येक आदेशावर मराठीत ठळक छापून देण्यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही.