वाई-धोम हत्या प्रकरण

सातारा जिल्ह्यातील वाई शहर आणि जवळचे धोम गाव यांच्याशी निगडित फौजदारी प्रकरण. २००३ ते २०१६ या काळात पाच स्त्रिया आणि एक पुरुष अशा सहा जणांचे खून केल्याचा आरोप संतोष पोळ याच्यावर ठेवण्यात आला. पोळ वाईतील एका खासगी रुग्णालयात काम करी आणि गावात ‘डॉक्टर’ म्हणूनच ओळखला जाई. त्याच्याकडे इलेक्ट्रोहोमिओपॅथीची पदवी होती. तेवढ्या बळावर महाराष्ट्रात अ‍ॅलोपॅथीचा व्यवसाय करता येत नाही. प्रकरणातील माफीची साक्षीदार ही परिचारिका, मरण पावलेल्यांपैकी एक स्त्रीही परिचारिकाच. (खुनांविषयी येथे जे सांगितले आहे ते पोलिस तपासावर व साक्षीदाराच्या जबानीवर आधारलेले, आरोपाच्या पातळीवरचे आहे.)

प्रकरणाला तोंड फुटले ते जून २०१६ मध्ये. पूर्वप्राथमिक शिक्षिका व सेविकांच्या संघटनेच्या एक पदाधिकारी पुण्याला मुलीकडे जायला म्हणून घरातून निघाल्या आणि पोहोचल्याच नाहीत. त्याआधीच्या तेरा वर्षांत बेपत्ता झालेल्या माणसांच्या मागे जे बळ नव्हते, ते यांच्या मागे होते. संघटनेतल्या बायका आणि घरची माणसे गप्प बसणारी नव्हती. ‘मिसिंग’ची नोंद झाली, मोबाइलच्या कॉल नोंदी काढल्या गेल्या आणि त्यांतून माग आधी पुढे माफीची साक्षीदार झालेल्या परिचारिकेपर्यंत व मग पोळपर्यंत गेला. ऑगस्टमध्ये त्याला मुंबईत अटक झाली. धोम येथील त्याच्या शेतघराच्या आवारात खोदकाम सुरू झाले आणि एका बाईचा शोध घेता घेता इतरांचेही अवशेष हाती लागले.

इतकी वर्षे संशय का आला नाही, याचे उत्तर खुनांसाठी वापरल्याचे सांगितल्या जाणाऱ्या औषधापेक्षा माणसाच्या प्रतिष्ठेत अधिक आहे. पोळ माहितीच्या अधिकाराचे अर्ज करी, सरकारी नोकरांविरुद्ध लाचखोरीच्या तक्रारी करी, पोलिसांनाही त्यातून सोडत नसे. अशा माणसाची चौकशी करायची म्हणजे नसती आफत ओढवून घेणे, असे कोणत्याही ठाण्याला वाटले असते. शिवाय त्याला रुग्णालयातील कामाची जोड. रात्री-अपरात्री हाक मारली की येणारा, सुई टोचणारा, सलाइन लावणारा माणूस ही निमशहरी भागात मोठीच पत असते. पदवीची पाटी कोणी वाचत नाही. महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ नुसार नोंदणीविना वैद्यकी करणे हा गुन्हा आहे. पण कायद्याची ही बाजू लोकांसमोर येते ती बहुधा काहीतरी घडून गेल्यावर.

पोलिसांच्या म्हणण्यानुसार खुनांसाठी सक्सिनिलकोलीन या औषधाचा वापर झाला. भूल देणारे डॉक्टर त्याला ‘स्कोलिन’ म्हणतात. शस्त्रक्रियेच्या सुरुवातीला श्वासनलिकेत नळी घालताना स्नायू काही मिनिटांपुरते सैल पडावेत म्हणून ते देतात. त्याने झोप येत नाही, शुद्धही जात नाही; फक्त स्नायू काम करीनासे होतात, श्वासाचे स्नायूसुद्धा. म्हणून भूलतज्ज्ञ रुग्णाचा श्वास स्वतःच्या ताब्यात घेऊनच ते वापरतात. रक्तातील एक एन्झाइम या औषधाचे झपाट्याने विघटन करते आणि शेवटी उरतात ते सक्सिनिक आम्ल आणि कोलीन, म्हणजे शरीरात एरवीही असणारेच पदार्थ. न्यायवैद्यकाची खरी अडचण येथे आहे. अमेरिकेत कार्ल कोपोलिनो या भूलतज्ज्ञाला पत्नीच्या मृत्यूबद्दल १९६७ मध्ये दोषी ठरवले गेले, तेव्हा विषशास्त्रज्ञांनी लावलेल्या चाचण्या विश्वासार्ह आहेत की नाहीत यावरच सारी झुंज झाली होती. धोमला तर काही मृतदेह वर्षानुवर्षे मातीखाली होते. सहकारी परिचारिकेची जबानी या खटल्यात इतकी मोलाची ठरते ती त्यामुळेच. सरकार पक्षातर्फे विशेष सरकारी वकील म्हणून उज्ज्वल निकम यांची नेमणूक झाली.

रुग्णालयातील खून हा रहस्यकथाकारांचा जुना आवडता विषय. अगाथा ख्रिस्ती पहिल्या महायुद्धात टॉर्की येथील रुग्णालयाच्या औषध विभागात काम करत होत्या आणि विषांची त्यांची जाण तिथलीच. ख्रिस्तियाना ब्रँड यांच्या ‘ग्रीन फॉर डेंजर’ (१९४४) मध्ये युद्धकाळातील रुग्णालयात एक पोस्टमन शस्त्रक्रियेच्या टेबलावर दगावतो आणि संशयित म्हणून उरतात ते तिथलेच डॉक्टर आणि परिचारिका. १९४६ मध्ये त्यावर चित्रपटही आला. कादंबरीत बंद दारांआडच्या मोजक्या माणसांतून इन्स्पेक्टर खुनी हुडकतो. वाईत बंद दार नव्हते, खून झाला आहे हेच कोणाला ठाऊक नव्हते. ‘खून कोणी केला’ या प्रश्नाच्या आधीचा प्रश्न, ‘माणूस गेला कुठे’, तो लावून धरणारे बाहेरचे लोक होते म्हणून गाठ सुटली. रहस्यकथेच्या चौकटीत हे सहसा बसत नाही, कारण त्यात हुशारीपेक्षा चिकाटीचा भाग जास्त.

मराठी विश्वकोशाचे गाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, घाट-देवळांच्या वाईचे नाव या प्रकरणाने काही आठवडे देशभरच्या वाहिन्यांवर गाजले. ‘डॉ. डेथ’ हे वृत्तपत्रांनी दिलेले बिरुद सवंगच, तरी ते चिकटले. पुढे झी मराठीवर ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झालेली ‘देवमाणूस’ ही मालिका याच घटनांवर बेतल्याचे मानले जाते. किरण गायकवाड यांनी त्यात अजितकुमार देव हा तोतया डॉक्टर रंगवला. श्वेता शिंदे यांच्या निर्मितिसंस्थेची ही मालिका इतकी चालली की डिसेंबर २०२१ मध्ये तिचा दुसरा भाग आला. प्रेक्षकांना भुरळ पडली ती खलनायकाच्या गोड बोलण्याची. बेपत्ता बाईसाठी पाठपुरावा करणाऱ्या अंगणवाडीच्या बायकांवर मात्र अजून कोणी मालिका काढलेली नाही.